डाव्या बाजूचे पॅसेंजर

नाना, म्हणजे माझे वडील, एस.टी.चे ड्रायव्हर. जळगाव-धुळे ही त्यांची गाडी. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, आणि मधल्या कोणत्या फाट्यावर कोण कधी उभं असतं हे त्यांना तोंडपाठ. स्टॉप असो नसो, कोणी हात केला की नाना गाडी थांबवायचे. कंडक्टर कुरकुरायचे, वेळ चुकायची, डेपोत बोलणी बसायची. नानांचं उत्तर ठरलेलं होतं, "उन्हात उभा माणूस टाकून मला पुढे जाता येत नाही. तुम्हाला येत असेल तर तुम्ही चालवा."

नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका सकाळी दाढी करताना नानांच्या डाव्या हातातून आरसा पडला आणि पाठोपाठ नाना. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, वाचा वाचली, पायही हळूहळू जाग्यावर आला. डावा हात तेवढा ढिला राहिला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. उन्हाळा संपला की फिटनेसची तपासणी होणार होती. पास झाले तर पुन्हा स्टेअरिंग, नाही तर डेपोत कुठल्यातरी कोपऱ्यात बसून राहायचं काम. नानांना स्टेअरिंगच हवं होतं, दुसरं काही नको होतं. घरात सकाळ-संध्याकाळ तोच एक विषय.

मी तेव्हा कॉलेज करता करता एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, लोकांना चपला बाहेर काढायला लावायचे आणि फ्लॉपी उलटी घातली की ओरडायचे. तोंडाळ म्हणून मी सगळ्या नात्यात प्रसिद्ध, त्यामुळे हे काम मला छान जमायचं. क्लासमध्ये एसी होता. माणसांसाठी नव्हे हां, मशीनसाठी. दुपारी एक ते तीन बॅच नसायची. आई म्हणाली, "घरात नुसते येरझारा घालतात, मला काम सुचू देत नाहीत. घेऊन जा त्यांना तुझ्या गारव्यात." म्हणून मी नानांना घेऊन जायला लागले.

क्लासच्या मालकांनी पुण्याहून एक गेम आणला होता. नाव इंग्रजी, लांबलचक. आम्ही त्याला नुसतं 'ग्रह' म्हणायचो. एक यान परक्या ग्रहावर कोसळलेलं असतं. त्यातली माणसं जिकडेतिकडे विखुरलेली. आपल्याकडे सहा चाकांची गाडी, आणि तिच्या समोरच्या काचेतून दिसेल तेवढंच आपल्याला दिसणार. प्राणवायू संपायच्या आत एकेकाला गाडीत घेऊन यानापर्यंत आणायचं, मग यान उडणार. उजव्या हाताने बाणांच्या कळा दाबून गाडी वळवायची, डाव्या हाताने वेग आणि ब्रेक. डाव्या बोटांना याहून चांगला व्यायाम कुठे मिळणार, असा माझा हिशोब.

पहिल्या दिवशी आकाशात दोन सूर्य बघून नाना त्यांच्या अहिराणी वळणात म्हणाले, "दोन? म्हणजे जळगावपेक्षा वाईट शे." मग कीबोर्डवर बघत विचारलं, "हॉर्न कोठे शे?" हॉर्न नव्हता. नाना खरंच नाराज झाले. बिनहॉर्नची गाडी रस्त्यावर काढायची म्हणजे काय! तिथे लांब पायांचे, अंगातून आरपार दिसणारे प्राणी रस्ता ओलांडायचे. क्लासमधली पोरं त्यांना बेधडक उडवायची. नाना गाडी थांबवून बसायचे. "जनावर शे, जाऊ दे त्याला." तेवढ्यात इकडे प्राणवायू संपायचा आणि गाडीतली सगळी माणसं नानांसकट मरायची. मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

पण चार-आठ दिवसांत नानांचा हात बसला. जांभळी माती, खोल घळी, श्वास घेतल्यासारखी फुगणारी झाडं, सगळ्यातून ते गाडी काढायला लागले. त्या झाडांना ते रावेरकडची केळी म्हणायचे. एक कोरडं प्रचंड विवर होतं, ते मेहरूण तलाव. विवरापुढचा चढ म्हणजे पारोळ्याचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या पोशाखातली माणसं हात वर करून उभी असायची. माणूस दिसला की नाना गाडी अशी हळूच आणून लावायचे की बघत राहावं. "बठ्ठा बसनात का?" सगळे बसलात ना, असं विचारायचे आणि मगच निघायचे. कोणाला विचारायचे कोण जाणे. घरी ते इतके दिवस पडल्या चेहऱ्याने बसायचे. आता बारा वाजले की स्वतःच शर्ट चढवून तयार! आई मला म्हणाली, "तुझ्या त्या खेळात काहीतरी आहे बाई. चांगले होताहेत."

यान मात्र उडायचं नाही. नाना सगळ्यांना पोचवायचे, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची.

"काय लिहिलंय?"

"काही माणसं मागे राहिली, असं लिहिलंय."

"ह्यॅ! मी कोणाला मागे ठेवत नसतो. तुझा कॉम्प्युटर खोटारडा शे."

मी शेजारी बसलेली असायचे. मला ती माणसं दिसायची. "नाना, तो बघा, तो राहिला," मी ओरडायचे. "कोठे?" म्हणेपर्यंत गाडी पुढे गेलेली. मला वाटायचं, वेगाच्या नादात चुकतंय. मग एके दिवशी ओरडायचं सोडून मी नुसती बघत बसले. उजवीकडच्या एकूण एक माणसासाठी नाना थांबत होते, अगदी लांब दगडामागे अर्ध्या दिसणाऱ्यासाठीसुद्धा. डावीकडच्या एकाहीसाठी नाही. डावीकडे हात वर केलेली माणसं काचेच्या कडेला यायची, मोठी व्हायची, निघून जायची. नानांचा चेहरा जराही हलायचा नाही.

मी त्यांच्या उजवीकडच्या खुर्चीवर होते. गुपचूप उठले, पाठीमागून फिरून डाव्या बाजूला गेले, अगदी हाताच्या अंतरावर, आणि फाट्यावरचा माणूस करतो तसा हात वर केला. नाना खेळत होते. मी हात हलवला. नाना पडद्याकडे बघत म्हणाले, "इथून कसं जायचं गं?" उत्तर नाही म्हणून ते उजवीकडे माझ्या रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि त्यांनी दाराच्या दिशेने मला मोठ्याने हाक मारली. मी हात खाली घेतला. मला रडू येत होतं आणि ओरडताही येत नव्हतं. मला, ओरडता येत नव्हतं!

संध्याकाळी जेवताना पुन्हा रोजचंच. "आज चटणी नाही का?" दुखण्यातून उठल्यापासून नाना रोज हे म्हणायचे. चटणी रोज असायची, ताटात डाव्या बाजूला, लिंबाशेजारी, कोणाच्याही घरी असते तिथे. आईला वाटायचं, आजारपणाने चिडके झालेत, उगाच खुसपट काढतात. ती तिथेच आणखी थोडी वाढायची. मी ताटाला हात लावला आणि ताट अर्धं फिरवलं. चटणी उजवीकडे आली.

"हाई कोठून आली?" नाना म्हणाले.

"इथेच होती. रोज असते. नाना, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

मी हे हळूच सांगायला हवं होतं, एकट्यात सांगायला हवं होतं, असं पुढे सगळे म्हणाले. मला नाही वाटत तसं. हळू सांगितलं असतं तरी वाक्य तेच होतं. नाना आधी हसले. मग म्हणाले, "मला मैलाचा दगड दिसतो. मला फाट्यावरची म्हातारी दिसते. मला तू शिकवते का?" मग भरल्या ताटावरून उठले. आई माझ्याकडे बघत राहिली. "काही हाड आहे का जिभेला? त्यांच्या तोंडावर?"

"आई, ते गाडी घेऊन निघाले आणि डावीकडून पोर आलं तर?"

"ते बघतील डॉक्टर. तपासणीत पास झाले तर झालं. तू तिथे तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे." एवढं म्हणून आई आत गेली. ती वाईट बाई नव्हती. नवऱ्याला परत माणसात आलेलं बघायचं होतं तिला, दुसरं काही नाही.

नाना माझ्याशी बोलेनासे झाले. मला वाटलं, आता क्लासला येणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी बरोबर वेळेला शर्ट घालून दारात उभे. मशीनसमोर बसले आणि मला हातानेच खूण केली, लांब बस. मी दाराजवळ बसले. त्यांना वाटत असावं, मी बघत नाही.

ते मान डावीकडे पार वळवून खेळायला लागले. एक माणूस दिसला. थांबून त्याला घेतलं. दुसरा दिसला. डावीकडची सगळी माणसं त्यांनी शोधून शोधून घेतली. माझ्या जीवात जीव आला, म्हटलं जमतंय! पण तोवर उजवीकडचे राहायला लागले. मग त्यांनी मान दोन्हीकडे फिरवायला सुरुवात केली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, आणि गाडी समोरच्या दगडावर जाऊन आदळली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा आदळली. कितीतरी दिवस हेच चाललं. तपासणी जवळ येत होती आणि घरी आई त्यांचा खाकी युनिफॉर्म धुऊन इस्त्री करून ठेवत होती. एके दुपारी त्यांनी वेग अगदी कमी ठेवला, बैलगाडीसारखा, आणि दोन्ही बाजूंचं एकही माणूस सोडलं नाही. यान नजरेच्या टप्प्यात असताना प्राणवायू संपला. मग नाना स्वतःच बटण बंद करून उठले. त्यानंतर ते क्लासला आले नाहीत.

तपासणीला आई म्हणाली मी जाते, पण नाना म्हणाले, "हिला येऊ दे." इतक्या दिवसांनी माझ्याबद्दल उच्चारलेले ते पहिले शब्द. मी जाताना मनाशी ठरवलं होतं, पास केलं तर मी बोलणार. आई घराबाहेर काढेल तर काढू दे. बापाच्या पोटावर पाय देणारी पोरगी म्हणून नाव झालं तर होऊ दे.

डॉक्टरांनी पाय बघितले, हाताची पकड बघितली. भिंतीवरची अक्षरं नानांनी खालच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचली. डॉक्टर खूश. "वा, ड्रायव्हरसाहेब, तब्येत कमावलीत. काही त्रास वगैरे?" मी खुर्चीतून पुढे सरकले.

नाना म्हणाले, "साहेब, डावीकडचा पॅसेंजर दिसत नाही मला."

डॉक्टरांना आधी ती चेष्टा वाटली. मग त्यांनी समोर बघायला सांगून बाजूला बोटं हलवली. उजवीकडची बोटं नानांनी बरोबर सांगितली. डावीकडची बोटं हलत होती आणि नाना वाट बघत होते, डॉक्टर कधी सुरू करणार म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं मेंदूपर्यंत पोचत नाही. गाडी नाही चालवता येणार. नानांनी नमस्कार केला. मी पुढे सरकले होते तशीच बसून होते. बोलायची वेळच आली नाही आणि मला त्याचं जराही बरं वाटलं नाही.

बाहेर रस्त्यावर रिक्षांची ही गर्दी. नाना फाटकापाशी थांबून म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मी म्हटलं, "नाना, माझ्या मनासारखं कसं असेल हे?" ते चालायला लागले. एक स्कूटरवाला त्यांच्या डाव्या कोपराला घासून गेला, तरी त्यांना कळलं नाही. मी धावत जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला झाले आणि रस्त्याच्या नि त्यांच्या मधून चालायला लागले.

थोडं पुढे गेल्यावर नाना थांबले. समोर बघत, जरा घाबरल्यासारखे म्हणाले, "कोठे गई तू?"

"इथेच आहे. तुमच्या डाव्या हाताला."

पुढच्या चौकात पुन्हा, "शे ना?"

"आहे नाना."

पुढे डेपोतल्या कामावर नाना रोज पायी जायचे आणि मी त्यांना सोडायला जायचे. माझं लग्न होऊन मी धुळ्याला गेले, तरी माहेरी आले की ते काम माझं. दर वेळी मी डावीकडे. दर वेळी ते समोर बघत विचारायचे, शे ना, आणि मी म्हणायचे, आहे. मान जराशी वळवली असती तर मी दिसले असते. घरी आईशी बोलताना, नातवंडांशी खेळताना ते वळवायचे मान, शिकले होते. माझ्याकडे कधी वळवली नाही. रागाने की सवयीने, ते मी त्यांना विचारलं नाही. मी, एवढ्या तोंडाची, आणि तेवढं एक विचारायची माझी हिंमत झाली नाही. आता विचारायला नाना नाहीत.