शांत बसण्याची सुरक्षित पद्धत

सिंगापूरसारख्या निर्धोक शहरात राहूनही चोवीस तास धोक्यात असलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझा साडू आहे. तुआसच्या एका जहाजदुरुस्ती यार्डात ते सेफ्टी ऑफिसर आहेत. कामावर हा माणूस सोन्यासारखा असणार, यात मला शंका नाही. अडचण एवढीच, की संध्याकाळी ते हेल्मेट यार्डात ठेवतात आणि डोकं मात्र घरी घेऊन येतात. हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, गेलो की आमची नजर पदार्थांकडे आणि यांची टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाकडे. कुणी अनोळखी माणूस गरम सूपचा ट्रे घेऊन निघाला, की त्याच्यासाठी हे रस्ता मोकळा करत पुढे चालणार. आमच्या लग्नाच्या वाढदिवशी केकवर मेणबत्त्या लागल्या, तर यांनी आधी खिडकीचे पडदे गाठ मारून बांधले आणि मगच आम्हाला शुभेच्छा दिल्या. मी भेटलो की ते प्रथम माझ्या चपलांचे तळ तपासतात. तळ झिजलेले असले तर ‘कसे आहात’ हा प्रश्न त्या दिवशी राहूनच जातो.

त्यांची एकुलती एक लेक ईशा, युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. लहानपणी ती शाळेतून आली की सगळं बापाला सांगायची, आणि बाप सगळ्यावर उपाय सांगायचा. मैत्रीण रुसली म्हणावं, तर रुसव्याचं मूळ कारण, तो पुन्हा होऊ नये म्हणून घ्यायची खबरदारी, आणि मैत्रीण बदलण्याचा पर्याय, असं सगळं क्रमाने यायचं. हळूहळू तिने सांगणंच सोडलं. इंजिनिअरिंग तिला नकोसं झालं होतं, लहान मुलांना शिकवायचं होतं. पण हे तिने तिच्या मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि मला सांगितलं. बापाला नाही.

“बाबा ऐकत नाही लाह, काका,” ती इथल्या पोरांसारखा वाक्याला ‘लाह’ जोडत म्हणाली. “तो इन्स्पेक्शन करतो. तुम्हीच सांगा ना त्याला.”

मी बरं म्हटलं, आणि मोठ्या धैर्याने साडूंना टाळायला लागलो.

पोरगी काहीतरी लपवते आहे हे त्यांना कळत होतं. झोप उडाली, ब्लडप्रेशर वर गेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शांत बसायला शिका म्हणून सांगितलं. झालं. मेव्हणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, हौगांगच्या कम्युनिटी क्लबमधल्या मेडिटेशनच्या वर्गात त्यांचं नाव घातलं, आणि ते एकटे गेले तर वर्गाचं काय होईल या काळजीने माझंही घातलं. हा वर्ग कुठल्याच धर्माचा नव्हता. मूर्ती नाही, जप नाही, उदबत्ती नाही; सतरंजीवर बसायचं आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं, बस. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “देव नाही, मंत्र नाही, मग डोळे मिटून दोघे जावई करता काय?”

शिकवायला एक निवृत्त चिनी शाळामास्तरीण होत्या. त्यांना सगळे नुसतं टीचर म्हणत. आवाज इतका संथ, की वाक्य संपेपर्यंत आपलं वय वाढतं. त्यांनी डोळे मिटायला सांगितले, तेव्हा साडूंनी एकच मिटला. खोलीत एवढी माणसं असताना कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मनात विचार येतील, येऊ द्या, जातील, जाऊ द्या, असं टीचर म्हणाल्या, तर यांनी हात वर करून विचारलं की नोंद येताना करायची की जाताना. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेक अवयव मनाने पाहत जायचा प्रकार मात्र त्यांना फार आवडला. ती तपासणीच होती. डाव्या गुडघ्यापाशी पोचल्यावर त्यांनी “जुना दोष, देखरेखीखाली” असा अहवाल मोठ्याने दिला. माझ्याबद्दल विचाराल, तर मी दुसऱ्या-तिसऱ्या श्वासालाच घोरायला लागलो. टीचर हसल्या; साडूंनी मला झोपेतच कुशीवर वळवलं, श्वासमार्ग मोकळा राहावा म्हणून.

एकदा वर्गाहून परतताना बसमध्ये ते बराच वेळ आपत्कालीन दरवाज्याकडे बघत होते. मग म्हणाले, “ईशाला काय होतंय ते तिने मला सांगावं. एवढंच हवंय मला. मी उपाय नाही सांगणार.”

“अजिबात नाही?”

“एखादाच सांगेन.”

पुढे टीचरनी घरचा अभ्यास दिला, की आजूबाजूला आवाज असेल अशा जागी रोज बसून पाहा. साडूंनी इमारतीखालची मोकळी जागा, म्हणजे व्हॉइड डेक, निवडली. रविवारी सकाळी आम्ही पोहे खायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा गणपतीत घालतात तो पांढरा झब्बा-पायजमा घालून ते खाली बसायला गेले होते. त्यांना बोलवायला ईशा आणि मी उतरलो आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकलो.

खाली एका चिनी कुटुंबातल्या आजोबांचं अंत्यदर्शन होतं. तंबू, फुलं, टेबलं, पांढऱ्या कपड्यातली माणसं. आणि कडेच्या खुर्चीवर, पांढऱ्या कपड्यात, दोन्ही डोळे मिटून, शोकमग्न असे आमचे साडू. कुणीतरी त्यांच्यापुढे भुईमुगाच्या शेंगा आणि सरबताचं छोटं खोकं ठेवलं होतं. भेटायला येणाऱ्यांना तिथे लाल दोरा देतात, तो घरी पोचायच्या आधी टाकून द्यायचा असतो. साडूंना तो दिल्यावर त्यांनी आपल्या पूजेतल्यासारखा उजव्या मनगटाला नीट बांधून घेतला होता.

एवढ्यात एक म्हातारी बाई, त्या आजोबांची बायको असावी, त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि आपल्या भाषेत बोलायला लागली. साडूंनी डोळे उघडले. तिच्या खुर्चीमागून पंख्याची वायर जमिनीवर मोकळी गेली होती आणि ती यांना दिसली होती. त्यांची मान ताठ झाली, त्यावरून मला कळलं. त्यांनी वायरीकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. आणि बाईंकडेच पाहत राहिले. ती बोलत होती, मध्येच हसली, डोळे पुसले, पुन्हा बोलली. शेवटी यांच्या गालावर थोपटून उठून गेली. ती गेल्यावर साडूंनी पायाने वायर भिंतीकडे सरकवली, शेंगा खिशात घातल्या आणि आमच्याकडे आले.

काय म्हणत होत्या, मी विचारलं.

“एक शब्द कळला नाही,” ते म्हणाले. “त्यामुळे काही सुचवता आलं नाही. नुसता बसलो.” मग वळून तंबूकडे बघत, “बरं वाटलं बहुतेक त्यांना.”

ईशा बापाकडे टक लावून बघत होती. “बाबा,” ती म्हणाली, “इकडे बस ना जरा.”

पलीकडच्या दगडी बाकावर दोघं बसली. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण माझ्या झिजलेल्या चपलांनी नेमका तेव्हाच जमिनीला घट्ट धरलं. ती अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, भरभर सगळं सांगत सुटली. साडूंनी मधूनमधून तोंड उघडलं, आणि दर वेळी त्यातून शब्द निघायच्या ऐवजी श्वास आत गेला, सावकाश बाहेर आला.

“से समथिंग लाह, बाबा,” ती शेवटी रडवेली होऊन म्हणाली.

त्यांनी खिशातून शेंग काढली, सोलली, दाणे तिच्या तळहातावर ठेवले. “पोहे गार होतील,” ते म्हणाले. “होऊ देत. तू सांग.”

आता ईशाने अभ्यासक्रम बदलला आहे आणि ती हॉस्टेलवर राहते; जमेल त्या रविवारी बसने घरी येते. साडूंचं ब्लडप्रेशर खाली आलं आहे. स्वभाव आहे तिथेच आहे. हॉस्टेलच्या जिन्याच्या कठड्याबद्दल त्यांनी तिथल्या लोकांना सुचवायचं ते सुचवलंच. तो लाल दोरा घरी आणायचा नसतो, हे यार्डातल्या एका चिनी सहकाऱ्याने त्यांना नीट समजावून सांगितलं. “नियमाबाहेर आहे, माहीत आहे मला,” साडू म्हणाले, आणि मनगटावर बाही ओढून घेतली. त्या दोऱ्याचा रंग आता गुलाबीसुद्धा राहिलेला नाही.

रविवारी सकाळी ते त्या दगडी बाकावर बसतात. कधीकधी मीही बसतो, म्हणजे झोपतो. त्यांच्या बाजूला कागदात थोड्या शेंगा असतात आणि दोन्ही डोळे अगदी टीचरना आवडतील असे मिटलेले असतात. फक्त समोरच्या थांब्यावर बस लागली, की एक डोळा किंचित उघडतो, कोण उतरलं ते पाहतो आणि पुन्हा मिटतो.