दोन वर्षांच्या आतलं कुणी

निपाणीच्या बायडाबाईला समुद्राची हौस कधीच नव्हती. गोव्याला नेलं होतं तेव्हा ती पाण्याकडं पाठ करून बसली होती. पण अमेरिकेत नोकरी करणारी नात उपासना हट्टालाच पेटली. आजी, मम्मी, पप्पा आणि ती, चौघांनी मोठ्या जहाजातून कॅरिबियनची बेटं बघायची. पासपोर्ट झाला, व्हिसाही झाला. मग एका रविवारी मुलगा भीमरत्न आणि सून पूर्णिमा बेळगावहून आले, टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावला आणि पडद्यावर उपासना उगवली. जहाज एका बेटावर एकच दिवस थांबणार होतं. तिथं उतरून काय बघायचं, एवढंच ठरवायचं होतं.

एवढंच ठरवायला चहाचे दोन फेरे झाले. पूर्णिमाला काचेच्या तळाची होडी हवी होती, म्हणजे बसल्या जागी खालचे मासे दिसतात. भीमरत्नाला धबधबा हवा होता. धबधब्याला पायऱ्याच पायऱ्या, आणि आईचे गुडघे घरातला उंबरा ओलांडताना कुरकुरायचे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“तिसरं एक आहे,” उपासना म्हणाली. “तंबाखूचं शेत. पानं वाळवायची जुनी शेड आहे, बायका सिगार वळून दाखवतात. फार चालायचं नाही. मला वाटलं, आजीला आवडेल.”

भीमरत्न तडकला. “जन्मभर तिनं तेच केलंय. अर्ध्या जगाला वळसा घालून परत तेच दाखवायचं व्हय तिला?”

त्याचं काही चुकत नव्हतं. बायडाबाईनं उमेदीची सगळी वर्षं वखारीत तंबाखू चाळण्यात घालवली होती. नाकाला पदर बांधला तरी संध्याकाळी थुंकी तपकिरी पडायची. त्या मजुरीवर तिनं पोराला शिकवलं, तो बँकेत साहेब झाला, आणि साहेब झाल्यावर त्यानं घरात तंबाखूची पुडी येऊ दिली नाही.

पण त्याला अर्धंच ठाऊक होतं. त्याच्या आधी एक पोरगी झाली होती. “एक थोरली हुती, ती गेली,” एवढं सांगून आई गप्प व्हायची आणि तोही पुढं विचारायचा नाही. त्या पोरीला घरी बघायला कोणी नव्हतं. बायडाबाई वखारीच्या तुळईला झोळी बांधायची, पोरीला तिच्यात निजवायची आणि खाली चाळण हलवायची. धुरळा वर चढायचा. दुसऱ्या थंडीत पोरीला खोकला लागला आणि तो तिला घेऊनच गेला. माती देऊन बायडाबाई परत कामावर आली, तर रिकाम्या कोपऱ्यातून तोच खोकला ऐकू आला.

ती घाबरली नाही. लोक भुताला भितात, हिला भूत निघून जाण्याची भीती होती. काम सुटल्यावरही ती बाजाराला त्याच बोळातून जायची, भिंतीपाशी घटकाभर उभी राहायची. मग वखार पाडली आणि तिथं मंगल कार्यालय झालं. कुणाच्या तरी लग्नात ती जेवणाचं ताट तसंच टाकून त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. रंगाचा वास येत होता, जिलेबीचा येत होता. खोकला काही आला नाही, त्यानंतर कधीच आला नाही. पोरगी दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी तर रडायचीही सोय नव्हती.

“लाव की जरा, बघू दे,” बायडाबाई म्हणाली.

उपासनानं त्या शेडचा व्हिडिओ लावला. अंधारी शेड, तुळयांना लटकलेली पानं, खाली वाकलेल्या बायका, परक्या मुलखाचं गाणं. आणि त्या गाण्याखालून, तुळईच्या बाजूनं, दोन ठसके आले. कोरडे, बारके. मागोमाग कुरकुर.

बायडाबाई पडद्याकडं सरकली.

“परत लाव. कोण खोकलं गं?”

“कुणीच नाही आजी. नुसतं गाणं आहे.”

पूर्णिमानंही मान हलवली. व्हिडिओ परत लागला. ठसके परत आले, आणि आता जवळून आले.

“तितंच जायाचं,” बायडाबाई म्हणाली.

“आई, तुला त्रास होईल. तो वास...”

“वास न्हाय म्हणूनच तरास हुतोय रं भीमा.”

भीमरत्नानं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि धबधबा सोडून दिला. पूर्णिमानंही होडीचा विषय काढला नाही. उपासना बुकिंग भरू लागली, भरता भरता मोठ्यानं वाचू लागली. “मोठी माणसं चार. मुलं नाहीत. दोन वर्षांच्या आतलं कुणी... नाही.”

“हाय,” बायडाबाई म्हणाली.

उपासना हसली. मग आजीकडं बघून हसायची थांबली. “कोण, आजी?”

“जाताना न्हाय. येताना आसंल. माज्या मांडीवर बसंल, जागा लागायची न्हाय.”

पूर्णिमानं नवऱ्याचा हात घट्ट धरला. भुताखेतांच्या विरोधात विहारात भाषणं देणारा माणूस तो. आई, असं काही नसतं, हे वाक्य त्याच्या ओठांवर तयारच होतं. पण ‘ती गेली’ म्हणून आई गप्प व्हायची, ती थोरली दोन वर्षांचीही नव्हती, ते त्याला आज कळलं.

“घाल उपासना,” तो म्हणाला. “एक घाल.”

“पप्पा, नाव लागतंय.”

तिघंही बायडाबाईकडं बघू लागले. तिचे ओठ नुसतेच हलले. इतक्या वर्षांत हे नाव तिनं तोंडानं एकदाही घेतलं नव्हतं. आता ते येतंय की नाही, या धास्तीनं तिनं पदर मुठीत आवळला.

“शेवंता,” ती म्हणाली.

आपल्या थोरल्या बहिणीचं नाव भीमरत्नानं पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा ऐकलं.