मृणालचा न आलेला व्हिसा

मृणाल रणदिवे कतारगामच्या एका बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बसते. हिऱ्याचे व्यापारी अँटवर्पला निघाले की त्यांची युरोची कार्डं तिच्या हातून जातात. तिने स्वतः मात्र नाशिकच्या मावशीचं घर आणि एकदा बँकेच्या ट्रेनिंगसाठी भोपाळ, यापलीकडे फारसं काही पाहिलेलं नव्हतं. भोपाळलाही सोबत दोघी होत्या.

लग्न झालं नाही. वडील कालवे खात्यात होते, त्यांना ऐन निवृत्तीच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचं करण्यात मृणालची तिशी उलटली आणि स्थळं यायची थांबली. वडील गेल्यावर अडाजणच्या घरात ती आणि आई उरल्या. आईचं, प्रमिलाबाईंचं, खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकर धरून चालतात. दिवसा सरलाबाई येते. ती अंघोळ घालते, जेवायला वाढते आणि मृणाल बँकेतून परतली की जाते. रात्री आईला धरून बाथरूमला नेणं मृणालकडे. थोरला भाऊ जयंत तापीपलीकडे, वेसूला राहतो. रविवारी येतो, आईजवळ अर्धा तास बसतो, चहा घेतो.

युरोपचं खूळ तिच्या डोक्यात घातलं भूपेंद्रभाईंनी. ते जुने ग्राहक. एकदा सही करता करता म्हणाले, "बेन, आखी जिंदगी अमने मोकलो छो, एक वार तमे तो जाओ! स्टेशन जोशो तो देरासर जेवुं लागे." जन्मभर आम्हाला पाठवता, एकदा तुम्हीही जा, तिथलं स्टेशन बघाल तर जैन मंदिरासारखं वाटेल, एवढं म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या ते लक्षातही राहिलं नसेल. मृणालने मात्र दुपारच्या डब्याच्या वेळी मोबाइलवर अँटवर्पचं स्टेशन पाहिलं. घुमट, दगडी जिने, वर सोनेरी घड्याळ. खरंच देरासरासारखं.

मग तिला नादच लागला. अँटवर्पहून रेल्वेने ब्रूज, तिथून ॲमस्टरडॅम, शेवटी कोलोन, आणि फ्रँकफर्टहून घरी. जेमतेम आठवडाभराचा प्रवास, पण एकटीने. बँकेतल्या सायलीने विचारलं, "मॅडम, टूरबरोबर का नाही जात? जेवणाची तरी काळजी नाही."

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळेवर जेवलेय," मृणाल म्हणाली. "तिकडे मला भूक लागेल तेव्हा जेवायचंय."

दिवाळीत भाऊबीजेला ती जयंतच्या घरी गेली आणि ओवाळून झाल्यावर बोलली. "दादा, मला ओवाळणी नको. एप्रिलमध्ये आठ-नऊ दिवस आईला तुझ्याकडे ठेव."

जयंतने सगळ्यांसमोर टाळी वाजवली. "अगं, जा ना! कधीपासून म्हणतोय हिला, बाहेर पड म्हणून. विजया, ऐकलंस का? आपली मृणाल युरोपला निघाली!" विजयावहिनी हसल्या आणि फराळाच्या ताटल्या उचलू लागल्या. हो म्हणाल्या नाहीत. त्या वेळी हे मृणालच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतरचे महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, असं ती सांगते. तिने बूट घेतले आणि रोज पहाटे तापीकाठच्या रस्त्यावर ते घालून चालली. ब्रूजला कालव्याजवळ एका म्हातारीच्या घरातली खोली घेतली. त्या बाईने उलट विचारलं, सकाळी अंडं चालेल का. मृणालने घरी कधी अंडं आणलेलं नव्हतं, तरी चालेल असं कळवून टाकलं. आई धुसफुसायची. "तिकडे पडलीबिडलीस तर कोण आहे उचलायला?" मृणाल म्हणायची, "इथे तरी कोण आहे?" आणि दोघी हसायच्या.

व्हिसासाठी अहमदाबादला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे होते. तिथेही ती एकटीच गेली. जाताना खिडकीची जागा मिळाली. परतताना आणंदला गरम भजी घेतली आणि ती कुणालाही न विचारता सगळी संपवली. एवढ्याशा गोष्टीचं तिला इतकं अप्रूप वाटलं की सायलीला तिने ते दोनदा सांगितलं.

पासपोर्ट लवकर येईना. जायचा दिवस जवळ आला तशी तिची झोप उडाली. अखेर शुक्रवारी कुरिअरवाला बँकेत आला. तिने तिथेच पाकीट फोडलं. व्हिसा लागला होता. ती घरी काही बोलली नाही. परवा रविवार, दादा येईल, तेव्हा सगळ्यांना एकदम दाखवायचं, असं तिने ठरवलं.

रविवारी जयंत आला तो नेहमीसारखा आईच्या खोलीत गेलाच नाही. सरळ स्वयंपाकघरात आला. मृणालने पासपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याने व्हिसाचं पान पाहिलं, पासपोर्ट मिटला आणि ओट्यावर ठेवला.

"मृणाल, थोडी अडचण आहे."

"काय?"

"विजयाची बहीण येतेय इंदूरहून. मुलं वगैरे सगळे. घरात जागा नाही गं. तू तारीख पुढे ढकल ना. युरोप कुठे पळून जातोय?"

"दादा, मला परवा निघायचंय. तुला दिवाळीपासून माहीत आहे."

"हो, पण आता अचानक..."

मृणालने तिथूनच वहिनींना फोन लावला. वहिनींनी आडपडदा ठेवला नाही. "हे बघ, मी स्पष्टच सांगते. बहीण येत नाहीये. आईंना रात्री उठवणं, धुणं, हे मला जमणार नाही. ह्यांनी मला न विचारता हो म्हटलं. तेव्हा चारचौघांत मी काय बोलणार होते? आणि करायला हे थोडेच उठणार आहेत!"

मृणालने फोन ठेवला. जयंत खिडकीतून खाली बघत होता.

"तू कर ना मग," ती म्हणाली. "आठ दिवस. तुझीही आई आहे."

"मी? आईचं?" तो खरोखर चकित झाला. "अगं, तिलाच कसंतरी होईल. मुलाने असलं काही करायचं म्हणजे..."

सरलाबाईला रात्री थांबायला मृणालने दिवाळीआधीच विचारून पाहिलं होतं. तिचा नवरा यंत्रमागावर रात्रपाळी करतो आणि घरी दोन लहान मुली असतात. ती रडवेली होऊन म्हणाली होती, "ताई, पोरी एकट्या कशा ठेवू?" नर्सिंग ब्युरोची अनोळखी बाई दोन दिवसांत शोधून आईजवळ ठेवायची आणि समुद्रापार जायचं, हे मृणालच्याने होईना.

जयंत चहा न घेता गेला. थोड्या वेळाने आईने हाक मारली. "जयंत आला होता ना? मला न भेटताच गेला? काय झालं?"

मृणाल दारात उभी राहिली. खरं सांगायचं तर, तुझ्या मुलाला तू आठ दिवसही नको आहेस, असं सांगावं लागणार होतं. ऐंशी वर्षांच्या बाईला ते कसं सांगायचं?

"व्हिसा नाही आला," ती म्हणाली. "तेच सांगत होते त्याला."

"अगंबाई," आई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "जाऊ दे. एकट्या बाईला देत नसतील."

त्या रात्री तिने ब्रूजच्या बाईला येत नसल्याचं कळवलं. विमानाचं तिकीट वाया गेलं. रजा मंजूर होती, तरी मंगळवारी ती बँकेत हजर झाली.

ते खोटं पुढे तिला पुरून उरलं. आई फोनवर नातेवाइकांना सांगू लागली, मृणालला व्हिसा नाकारला. नाशिकच्या मावशीच्या सत्तरीला सगळे जमले तेव्हा कुणीतरी तोच विषय काढला. जयंत समोरच बसला होता. मृणालला वाटलं, हा निदान मान खाली घालेल. जयंत म्हणाला, "मी हिला सांगत होतो, चांगला एजंट कर. हिला सगळं स्वतःचं स्वतः करायची हौस. कागदात काहीतरी राहिलं असणार." लोकांनी माना डोलावल्या. मृणालच्या हातात श्रीखंडाची वाटी होती. ती तिने खाली ठेवली आणि पाणी आणायला उठली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात जयंत आणि विजयावहिनी एका टूरबरोबर युरोपला गेले. निघण्याआधी आईच्या पाया पडायला आले. जयंत म्हणाला, "बघ आई, पहिल्या झटक्यात व्हिसा आला." आई म्हणाली, "तुझं सगळं रीतसर असतं रे."

तिकडून रोज फोटो येत. एका संध्याकाळी, सरलाबाई अजून निघाली नव्हती तेव्हा, आईने मृणालला जवळ बसवून तिच्या मोबाइलवर ते बघायला घेतले. त्यात ॲमस्टरडॅम होतं, अँटवर्पचं स्टेशनही होतं. जिन्यावर जयंत कमरेवर हात ठेवून उभा होता.

"केवढं सुंदर आहे गं," आई म्हणाली. "मोठा कर जरा. तुझे कागद नीट असते तर तूही..."

"माझे कागद नीट होते!" मृणाल ओरडली. तिचा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातून सरलाबाई बाहेर आली आणि तशीच परत गेली. "व्हिसा आला होता, आई. दादाने तुला ठेवून घ्यायला नकार दिला. आठ दिवस! म्हणून मी गेले नाही."

आईने मोबाइल उशीवर ठेवला. ती दचकली नाही, रडली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "स्वयंपाकघर काय मैलभर लांब आहे का? तुमचं सगळं ऐकलं होतं मी त्या दिवशी."

मृणालने विचारलं, "माहीत होतं? मग गावभर का सांगत फिरलीस, मला व्हिसा नाकारला म्हणून?"

"मग काय सांगू? पोटच्या मुलाने आईला नाही म्हटलं, असं? लोक त्याच्या तोंडात शेण घालतील. एकुलता एक मुलगा आहे मला."

"आणि मी?"

आईने तिच्याकडे पाहिलं. प्रश्न कळलाच नाही, असं पाहिलं.

"तू तर आहेसच की," ती म्हणाली.

मृणाल उठली आणि बाल्कनीत गेली. खाली मुलं सायकली फिरवत होती. बराच वेळ ती कठड्याला धरून उभी राहिली. आतून वॉकरचा आवाज आला. आई एकटीच उठायचा प्रयत्न करत होती. मृणाल जागची हलली नाही. मग सरलाबाईचा आवाज आला, "थांबा आई, मी धरते," आणि वॉकर पुढे सरकल्याचं ऐकू आलं.

जयंत परतल्यावर मृणालने त्याला फोन करून सांगितलं, जूनपासून वर्षातले तीन महिने आई तुझ्याकडे. तो म्हणाला, आईलाच विचार. तिने विचारलं. आई म्हणाली, "मला तिथे नाही करमत. मी माझ्या घरातच बरी."

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मृणालची बदली आता कामरेजच्या शाखेत झाली आहे. तिथे परकीय चलनाचं काम नाही, आणि बदली तिनेच मागून घेतली असं सायली सांगते. आईचं ती सगळं करते, औषधं चुकवत नाही, रात्री पहिल्या हाकेला उठते. फक्त पूर्वीसारख्या दोघी एकमेकींशी हसत नाहीत. आईने एकदा सरलाबाईला विचारलं, हिला झालंय तरी काय? सरलाबाईला उत्तर माहीत होतं. ती चादर झटकत राहिली.