मेहुण्याने बसवलेलं ॲप

जगात कॉम्प्युटरला सोवळ्यात ठेवणारा एकच माणूस आहे आणि तो माझा सख्खा मेहुणा आहे. पनवेलच्या दोन खोल्यांत बसून तो मोबाइलची ॲप बनवतो. ॲप लोकांना देण्याआधी आपल्याच लॅपटॉपवर मांडून चालवून बघावं लागतं. बाकीचे हे काम चहा पिता पिता उरकतात. हा पठ्ठ्या आंघोळ करून, चपला दाराबाहेर काढून प्रोजेक्ट 'बसवतो', गणपती बसवावा तसा! मध्ये कुणी शिंकलं की सगळं पुसून पहिल्यापासून. माझ्या लग्नात कान पिळायला नवरीचा भाऊच जागेवर नव्हता. का, तर एक स्वल्पविराम सापडत नव्हता. वर मलाच म्हणतो, "भावोजी, घरात चूक ठेवून निघणार कसा?"

सरावासाठी ॲपमध्ये खोटी माणसं भरतात. लोक काहीतरी 'अबक' लिहून मोकळे होतात. याला ते चालत नाही. "खोट्या नावाला ॲपपण खोटंच वागतं," म्हणून हा अख्खा गोतावळा आत कोंबतो. करंजा बंदरातल्या मच्छीमारांसाठी त्याने ॲप केलं: बोट बंदराला लागली की 'पोचलो' दाबायचं, घरच्यांच्या फोनवर घंटी वाजते. त्यात मी खलाशी होतो. मला विहिरीतसुद्धा पोहता येत नाही! आणि बोट हाकणारा तांडेल म्हणून त्याने बाबांचं नाव घातलं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. त्यांची बोट वादळात गेली ती गेलीच. देह मिळाला नाही, म्हणून सासूबाईंनी कुंकू पुसलं नाही. ते नाव बघून माझ्या अंगावर काटा आला, पण जावयाने बोलायचं तरी काय?

ॲप मच्छीमारांना द्यायच्या आदल्या दुपारी आम्ही जेवत होतो. लॅपटॉप मिटलेला, वायरही काढलेली. सरावात 'घरच्यांचा' म्हणून ठेवलेला फोन सासूबाईंच्या मांडीवर होता. तो वाजला. वर बाबांचं नाव, खाली 'पोचलो'.

"अरे, आईची कसली थट्टा करतोस?" मी ओरडलो.

मेहुण्याचा हात भातातच थांबला. "भावोजी, लॅपटॉप बंद आहे. हे कुठून येऊच शकत नाही."

खोलीत ओल्या जाळ्याचा वास आला, निदान मला तरी आला. सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. "आले ते," म्हणाल्या. "मना ठाव व्हतं."

जेवणानंतर सरावाची नावं पुसायची होती. त्याने मला पुसलं, सख्ख्या बहिणीला पुसलं. बाबांच्या नावाशी आला तेव्हा सासूबाईंनी त्याचा हात धरला. "पोरा, त्यांना नको काडू. परत कुठं जातील?" त्याने ते नाव तसंच ठेवलं.

आता ते ॲप करंज्याच्या घराघरांत आहे. मध्ये एकदा न राहवून मी विचारलं, "ती चूक कुठं होती, शोधलीस का रे?"

तो कसनुसा हसला. "भावोजी, शोधली आणि सापडली तर?"

गेल्या रविवारी मी पनवेलला असताना भरदुपारी सासूबाईंजवळचा तो फोन पुन्हा वाजला. सासूबाई पाण्याचा तांब्या भरायला उठल्या. मेहुण्याने फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. गेला आणि दार उघडून उभा राहिला.