उलटी रेघ

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. नव्हता, असं लिहायला अजून हात धजत नाही... पण जे घडलं ते सांगतो.

सत्तरच्या दशकाचा शेवट. पिंपरीतल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात मी प्रोबेशनवर प्रोग्रॅमर होतो. तेव्हा प्रोग्राम म्हणजे कार्डांचा गठ्ठा — एका कार्डावर एक ओळ, भोकं पाडून. गठ्ठा पडला तर क्रम परत लागावा म्हणून त्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढायची पद्धत होती. पंचिंगच्या कमलताई माझ्या गठ्ठ्यांवर न सांगता लाल रेघ ओढून ठेवायच्या. त्या डावखुऱ्या, त्यामुळे त्यांची रेघ सगळ्यांच्या उलट झुकायची. उन्हाळ्यात त्या अचानक वारल्या. पुढचा प्रोग्राम मीच थेट मशीनवर बसून पंच केला, कागदावर न लिहिता. रेघ ओढायची राहूनच गेली.

खंडेनवमीला ऑपरेटर सावंत म्हणाला, "राव, गठ्ठा पण ठेवा की पाटावर. तुमचं हत्यार तेच!" ठेवला. आरतीच्या गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि सगळी कार्डं फरशीवर!

सुट्टी संपल्यावर अंदाजाने लावली. कंपाईल फेल, म्हणजे मशीनला प्रोग्राम कळलाच नाही. पुन्हा लावली, पुन्हा फेल... साहेब येऊन म्हणाले, "आज हे चाललं नाही, तर तुम्हाला कायम करा म्हणून मी कोणत्या तोंडाने सांगू?" दापोडीच्या एका खोलीत आई आणि दोन बहिणी माझ्या नोकरीवर अवलंबून होत्या.

सावंत जेवायला गेला. मी पुन्हा कार्डं चाळायला घेतली, तर कडांवर लाल ठिपके! पूजेचं कुंकू असणार, म्हणून चिडून बोटाने पुसलं... जाईना. पेन्सिल होती ती. प्रत्येक कार्डावर एकच ठिपका, जागा मात्र जराजरा सरकलेली. त्या जागेप्रमाणे कार्डं लावत गेलो. कडेवर अख्खी रेघ तयार झाली — उलट झुकलेली.

पहिल्या फटक्यात कंपाईल झालं.

सावंतला गाठलं. "रेघ तूच ओढलीस ना, पूजेआधी?"

"मी कशाला हात लावू तुमच्या गठ्ठ्याला?" त्याने कडेकडे पाहिलं. मग कमलताईंच्या झाकलेल्या मशीनकडे बघत हळूच म्हणाला, "पेढे आणाल तेव्हा इथं पण ठेवा."

कोऱ्या कार्डांचा खोका ताई गेल्यानंतर मीच फोडला होता. गठ्ठा पाटावर ठेवताना त्याच्या कडेवर काही नव्हतं, हे आजही छातीठोकपणे सांगतो.

कायम झालो, पेढेही ठेवले. पण ते मशीन भंगारात जाईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून कधी बसलो नाही. खुलासा माझ्याकडे नाही. ताईंचे आभार मानावेत, तर त्या तिथे होत्या हे मानावं लागतं... आणि न मानावेत, तर ती नोकरी मला दिली कुणी?