नाकावरचं कुंकू

विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात कंपवातासाठी मेंदूत तारा बसवलेल्या पेशंटांचं एक बाक ठरलेलं होतं. मशीनचं सेटिंग बघायला सगळे एकाच दिवशी यायचे आणि तासन्‌तास थांबायचे. किस्से साठणारच! माझी बायको सुलभा जाऊन आता दोन वर्षं झाली. मी त्या बाकावरचे किस्से अजून सांगतो. एक सोडून.

\*

चौगुले अण्णा द्राक्षबागायतदार. डॉक्टर त्यांना समजावत होते, "तार शरीराला परकी वाटते. मेंदूतल्या राखणदार पेशी तिच्याभोवती जमतात, हळूहळू जाड आवरण करतात."

"म्हंजी पायात काटा ऱ्हायला की कुरूप हुतंय, तसं?"

"तसंच."

"मग काढून टाका की!"

"अण्णा, काटा आम्हीच घातलाय."

\*

खंडाळ्याचे माने एसटीचे रिटायर कंडक्टर. आवरण जाड झालं की कधीकधी करंट वाढवावा लागतो, हे त्यांना लगेच पटलं. "नवा पॅसेंजर चढला की बसलेली मानसं पाय पसरत्यात. मग आपन आवाज वाढवायचा."

यावर अण्णांच्या मंडळी म्हणाल्या, "ह्यांच्या मेंदूनं तारंला चार म्हैन्यात घरात घेतलं. सासूबाईंनी मला सात वर्सं लावली."

\*

सुलभाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मशीन लगेच सुरू केलं नव्हतं. तरी तिचा हलणारा हात थांबला. "तारेभोवती सूज आहे, त्यामुळे. उतरली की हात पुन्हा हलेल," डॉक्टर म्हणाले होते. मी शाळामास्तर, पण ऐकलं नाही. वडूजला घरी हळदीकुंकू ठरवून टाकलं.

त्या दिवशी हात पुन्हा हलत होता. शेजारच्या काकूंना लावताना कुंकू त्यांच्या नाकावर गेलं. बायका हसल्या, सुलभाही हसली. मी दारातून सगळ्यांदेखत म्हणालो, "जरा मनावर घे! गेल्या आठवड्यात जमत होतं ना?"

तिनं करंडा खाली ठेवला.

मशीन सुरू करायच्या दिवशी डॉक्टरांनी तेच परत सांगितलं. सूज उतरली, एवढंच. त्यात तिच्या मनाचा काही संबंध नव्हता. मग आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बाकावर बसून मी किस्सा सांगितला, नाकावरच्या कुंकवापर्यंतच. सगळे खूप हसले.

अण्णांच्या मंडळींनी विचारलं, "मग मास्तर, तुमी काय म्हनला वैनीस्नी?"

"मी? मीपण हसलो."

सगळ्यांनी सुलभाकडे बघितलं. तिनं हलता हात पदराखाली घेतला.

"व्हय," ती म्हणाली, "लय हसले."