एका वेळी एकच डबा

लोर्नाबाईंच्या मापाच्या नळकांड्यात दारू कमी दिसली, म्हणून मी ती भरून ठेवली. मी केलं ते एवढंच. शेजारणीचा अर्धा हंडा दिसला की आपण तो भरून ठेवतो ना, तितक्याच सरळ मनाने केलं. फरक इतकाच, की हंड्यात कुठल्याही नळाचं पाणी चालतं.

दारू म्हणजे बंदुकीची. प्यायची त्या घरात येत नाही, आणि आली असती तर त्या दिवशी मी तीही मागितली असती.

मी डनवेलमध्ये गेली सव्वीस वर्षं औषधांचं दुकान चालवतो. एका माणसाची पूड दुसऱ्याच्या पुडीत जाऊ नये, एवढ्याचेच लोक मला पैसे देतात. तरीही लोर्नाबाईंच्या तळघरातल्या कामाच्या बाकाशी बसून मी हे केलं. हे मोंटानात फार दिवस लपत नाही.

लोर्ना हॉग्स्टाड यांनी चौतीस वर्षं आमच्या शाळेची बस चालवली. गावातला पन्नाशीच्या आतला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या आरशातली नजर पाहून गप्प बसलेला आहे. बस सोडून नऊ वर्षं झाली, तरी किराण्याच्या रांगेत त्यांनी मान वर केली की आमचे शेरीफ तोंडातलं च्युइंग गम गिळून टाकतात. त्यांचा माझा शेजारधर्म असा, की त्यांनी मला घालवून द्यायचं आणि मी जायचं नाही. तळघरात त्या रिकाम्या पुंगळ्यांत दारू मोजून घालून घरच्या घरी काडतुसं भरायच्या आणि मी पलीकडच्या स्टुलावर बसून बंदुकीच्या नळीतून चिंध्या ओढायचो. नळी साफ करण्यापलीकडे माझी लायकी नाही, हे त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात ठरवलं होतं. मला कधी बढती मिळाली नाही.

तर त्या सप्टेंबरातली गोष्ट. डोंगरातल्या वाकड्या शिंगांच्या मेंढ्याच्या शिकारीचा परवाना आमच्याकडे सोडतीने निघतो. अर्ज हजारो, आणि आमच्या डोंगराच्या वाट्याला परवाने दोन. गावातली निम्मी माणसं अर्ज भरता भरताच देवाघरी गेली. लोर्नाबाई तेहेतीस वर्षं अर्ज करत होत्या आणि जूनमध्ये त्यांचं नाव निघालं. वय एकाहत्तर. डावा गुडघा कामातून गेलेला. एकदा परवाना मिळाला की पुढची सात वर्षं अर्जसुद्धा करता येत नाही. म्हणजे मेंढा मिळाला तर याच हंगामात, नाहीतर या जन्मात नाही. त्या हे कधी बोलल्या नाहीत. फक्त फ्रीजरचा एक कप्पा रिकामा करून ठेवला, आणि तिथे कुणी मटारची पिशवीसुद्धा ठेवली तर अंगावर यायच्या.

त्यांची रायफल एकोणिसाव्या वर्षी चार वासरं विकून घेतलेली. ती दिवाळसणाला आलेल्या जावयासारखी होती. एका विशिष्ट दारूवाचून दुसरं काही पुढे केलं की तोंड फिरवायची. ती दारू करणाऱ्यांनी ती करणं अकरा वर्षांपूर्वीच बंद केलं. बाईंकडे शेवटची मूठ-दोन मुठी उरली होती, आणि ती त्यांनी याच दिवसासाठी जपली होती. त्यांनी डबा मापात उलटा केला, बुडावर दोनदा टिचकी मारली, दोन काडतुसं भरली, आणि वर फोन वाजला म्हणून गेल्या.

त्या बाकाचा एकच कायदा होता. बाकावर एका वेळी एकच डबा. कुठल्याही घरातल्या कुठल्याही बाकाचा हाच कायदा असतो. पण मी मघाशी फळीवरचा एक डबा नुसतं नाव वाचायला म्हणून खाली घेतला होता, आणि तो माझ्या कोपराशी तसाच राहिला होता. पुढचं सांगितलंच.

लोर्नाबाई खाली आल्या. मापाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बसच्या आरशातून पाहायच्या तसं.

"ह्यात काय टाकलंस?"

"कमी दिसत होती, म्हणून म्हटलं—"

"काय टाकलंस ते विचारलं. का ते नाही."

मी डबा दाखवला. छऱ्याच्या बंदुकीची दारू. ती भुर्रकन जळते. रायफलीत भरली तर मेंढा राहतो बाजूला आणि कान, डोळा नाहीतर बोटं मारणाऱ्याची जातात.

"हा डबा इथं कुणी आणला?"

"मीच. नाव वाचायला."

"वाचलंस?"

"हो."

"मग उपयोग काय झाला?"

त्या माप उचलून मागच्या हिरवळीवर गेल्या आणि पेरणी करावी तशी सगळी दारू फेकून आल्या. गवताला ती मानवते म्हणतात. मग खाली येऊन आधी भरलेली दोन काडतुसं उचलली, पोकळ ठोकणीत धरून फरशीवर आपटली, गोळी वेगळी केली, पुंगळीतली दारू हातावर घेतली. मी धीर करून म्हटलं, की ती दोन तर आधीची, माझ्यासमोर भरलेली.

"तुझ्यासमोर," त्या म्हणाल्या. "म्हणूनच."

आणि तीही गवतावर गेली.

हंगामाला अकरा दिवस होते. नवी दारू घेऊन सुरुवातीपासून माप बसवायचं, तर त्या वर्षी आमच्या मुलखातल्या दुकानांच्या फळ्या रिकाम्या होत्या. बाजारची तयार काडतुसं त्यांनी मारून पाहिली. दोनशे यार्डांवर गोळ्या कोंबड्यांना दाणे टाकावे तशा विखुरल्या. त्या जुन्या दारूसाठी मी राज्यातल्या ज्या ज्या दुकानाला फोन होता त्याला फोन केला. एकाने विचारलं, आजोबा, कुठल्या सालातून बोलताय?

राहता राहिला ड्वाइट प्रुएट.

ड्वाइट हा लोर्नाबाईंचा नवरा होता, एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत. तो वर नदीकाठी, चाळीस मैलांवर राहतो, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. एकदा चर्चच्या जेवणात समोरासमोर आले, तर त्याने आपल्याकडे मीठ मागू नये म्हणून बाईंनी मिठाची बाटली पर्समध्ये टाकून घरी आणली. त्यांचं का मोडलं याबद्दल गावात बरीच मतं आहेत. बाईंचं स्वतःचं मत एकच. त्याने त्यांना न विचारता त्यांची रायफल साफ केली, आणि गज तोंडाकडून घातला. बंदूक नेहमी मागून साफ करायची असते. गज तोंडाशी घासला तर नळीची धार जाते. ड्वाइट शपथेवर सांगतो, की धार गेली नाही. बाई म्हणतात, धारेचा प्रश्नच नाही.

घर त्यांना मिळालं, ट्रक त्याला. भांडण अडलं ते दारूवर. त्या दारूचं मोठं पिंप दोघांनी मिळून घेतलं होतं. शेवटी ते वकिलाच्या टेबलावर, लोणच्याची बीटं मोजायच्या काट्यावर, दाणा दाणा निम्मंनिम्मं झालं. म्हणजे ड्वाइटकडे काही उरलं असेल तर ते त्याच पिंपातलं. मी बाईंना न सांगता गाडी काढली.

ड्वाइट स्वयंपाकघरात बंदूक खोलून बसला होता. ओट्यावर काळीपासून पांढरीपर्यंत चिंध्यांची रांग, घरभर सफाईच्या तेलाचा वास, आणि त्या वासातच एका बशीत अर्धं खाल्लेलं हरणाचं सॉसेज. मी आल्याचं कारण सांगितलं. माझी चूकही सांगितली, कारण ती माझ्याआधीच नदीवर पोचली होती.

"तिनं पाठवलं?"

"नाही हो. त्यांना कळलं तर मला मारून टाकतील."

"कशानं? दारू तर तू संपवलीस."

मग त्याने विचारलं, एवढी तातडी कसली. मी परवान्याचं सांगितलं. ही बातमी मात्र पोचलेली नव्हती. त्याचा हात गजावरच थांबला. तेहेतीस वर्षं अर्ज तोही भरत होता. पहिली कित्येक वर्षं दोघांनी एकाच टेबलाशी, एकाच पेनाने भरले होते.

"तिचं निघालं," तो म्हणाला.

"हो."

त्यानंतर तो जे बोलला त्यातलं छापण्याजोगं इतकंच, की सोडत काढणाऱ्याचे हात झडोत, ज्या बाईला औषधाच्या बाटलीवरचं वाचता येत नाही तिला मेंढा काय कपाळ दिसणार, आणि दिसलाच तर तो मेंढा तिचं तोंड बघूनच कड्यावरून उडी टाकेल. बोलता बोलता तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. फडताळं उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. मला वाटलं बंदूक आणतोय. तो डबा घेऊन आला, माझ्या छातीवर टेकवला आणि म्हणाला, "उरली तर परत नको म्हणावं. तिचा हात लागलेलं मला नको."

मला वाटलं, झालं काम. सव्वीस वर्षं या लोकांत काढून मला हे सुचू नये! दुसऱ्याने भरलेलं काडतूस मारायचं नाही आणि दुसऱ्याचा उघडा डबा वापरायचा नाही, हे इथे पोरांना चमच्याने भात भरवण्याआधी शिकवतात. सख्ख्या भावाचासुद्धा नाही. डब्यावर नाव एक आणि आत भलतंच, हे बाहेरून कळायला मार्ग नसतो. कळतं ते चाप ओढल्यावर. मी घेऊन आलो होतो तो दुसऱ्याचा उघडा डबा होता, आणि दुसरा म्हणजे कोण, तर ड्वाइट.

लोर्नाबाईंनी डबा पाहिला आणि विचारलं, मी कुठे गेलो होतो. मी सांगितलं. त्यांनी मला इतक्या शांतपणे मूर्ख म्हटलं, की मला ते वैद्यकीय निदान वाटलं. हा गवतावर टाकायचा, त्या म्हणाल्या. उद्या तू सायनाईड आणून देशील आणि म्हणशील साखर आहे.

पण डबा त्यांनी दाराकडे नेला नाही. बाकावर ठेवला. फळीवरचे बाकीचे सगळे डबे आधी उचलून पलीकडच्या खोलीत नेले, मलाही जिन्यापर्यंत मागे सारलं, आणि मग झाकण काढलं. वास घेतला. पांढऱ्या कागदावर चिमूटभर पसरली, भिंग लावून दाणा दाणा पाहिला, बोटांत चोळला. मग चष्मा बदलला आणि डब्यावरची कागदी पट्टी वाचायला घेतली.

पट्टी त्या वाटणीच्या दिवसाची होती. दारूचं नाव, तारीख, वजन. खाली बारीक पेन्सिलीने, जेव्हा जेव्हा झाकण उघडलं त्याची तारीख आणि किती काडतुसं भरली ते. एकोणीस वर्षांत अकरा ओळी. शेवटची सात वर्षांपूर्वीची. दोनदा काहीच भरलेलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'उघडला, नुसता पाहिला.'

लोर्नाबाईंनी पट्टी दोनदा वाचली. त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर तो परवाना चौकटीत लावून भिंतीवर टांगायच्या कामाचा होता, आणि तो टांगायचा खिळा मीच ठोकलेला होता.

"ड्वाइट खोटारडा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याशी खोटं बोलला, बँकेशी बोलला, पाद्रीबाबाशी बोलला. पट्टीवर खोटं लिहायचा नाही." मग डोळ्यांवरचा चष्मा न काढता म्हणाल्या, "आता तू घरी जा. तू जिन्यावर आहेस तोवर मी झाकण उघडं ठेवणार नाही."

पहिलं काडतूस त्यांनी गावाबाहेरच्या मैदानात मारलं. रायफल लाकडी घोडीला बांधून, चापाला दोरी लावून, आणि ती दोरी ट्रकच्या मागून ओढून. विश्वास वेगळा आणि बोटं वेगळी. रायफल शाबूत राहिली. मग खांद्याला लावून तीन मारली. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. त्यांनी भोकांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

मला त्यांनी डोंगरावर नेलं ते मैत्रीने नाही. खेचराला दिवसाला साठ डॉलर भाडं होतं आणि मी फुकट होतो. गुडघ्याला पट्टा बांधून त्या पाच दिवस चढल्या. बसल्या की उठताना मला शिव्या द्यायच्या, कारण शिव्या देण्यासाठी उठावं लागतं. पाचव्या दिवशी सकाळी घसरड्या खडकांच्या वर मेंढा दिसला. लोर्नाबाई पोटावर पडल्या, टोपी काढून रायफलीखाली ठेवली, आणि बराच वेळ काहीच केलं नाही. मी विचारलं, दिसतोय ना? त्यांनी कोपराने माझं डोकं गवतात दाबलं.

एकच आवाज झाला. मेंढा दोन पावलं चालला आणि बसला.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा त्यांनी हातमोजा काढला आणि त्याच्या शिंगावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी दुसरीकडे बघत होतो, कारण मला जगायचं होतं. थोड्या वेळाने मागून आवाज आला, की तमाशा बघायला आणलेलं नाही, सुरी काढ.

मांस खाली आणायला दोन खेपा लागल्या, दोन्ही माझ्या पाठीवर. फ्रीजरचा कप्पा भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढत होतो, तर लोर्नाबाई कुंपणाशी आल्या, खाटीककागदात बांधलेले दोन चांगले जाड पुडे माझ्या शेजारच्या सीटवर आपटले, आणि नदीकडे जाणार असशील तर ने, नाहीतर कुत्र्याला घाल, म्हणाल्या. मी नदीकडे जाणार असं मी कुणालाच बोललो नव्हतो.

मला वाटलं, एकोणीस वर्षांनी गाठ सुटायला आली आहे, तर आपण जरा हात लावावा. गाडी चालू ठेवून मी विचारलं, "मग ड्वाइटला काय सांगू? आभार वगैरे?"

"सांग, झाकण सैल होतं."